स्लॅबखालचे घर आणि उष्णतेचा हिशेब



इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला मे महिन्यात विचारा की घर सर्वांत असह्य कधी होते. तो दुपार सांगत नाही. रात्री आठ-नऊनंतर, असे सांगतो. बाहेर वारा सुटलेला असतो, रस्त्यावर बरे वाटत असते, आणि घरात पाऊल टाकताच डोक्यावरून झळ लागते. हे इतक्या घरांत इतकी वर्षे घडत आले आहे, की त्यामागे काही कारण असेल आणि ते दूर करता येईल, हा विचारच मागे पडला आहे. कमी विजेत चालणारे घर हा विषय निघाला की चर्चा उपकरणांकडे वळते: एसी किती स्टारचा, पंखा कुठला, गच्चीवर सोलर किती किलोवॅटचे. या प्रश्नांना महत्त्व आहे, पण ते शेवटी विचारायचे प्रश्न आहेत. माझे प्रतिपादन असे, की घराला आयुष्यभर किती वीज लागणार हे उपकरणे घेण्याच्या फार आधी, नकाशा आखला जातो आणि छताचे थर ठरतात तेव्हाच बव्हंशी ठरून जाते. आणि आपल्या अक्षांशावर त्या निर्णयाचा सर्वांत मोठा हिस्सा छताचा असतो. हे भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकापलीकडचे नाही. वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेले आहेत. ते घराला लावून बघणे एवढेच आज करायचे आहे.

सुरुवात माणसाच्या शरीरापासून करू, कारण घर थंड असावे ही गरज भिंतींची नसते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असते. ती सहज टाकता आली की बरे वाटते, नाही आली की उकडते. टाकण्याच्या वाटा तीन: भोवतालची हवा, भोवतालचे पृष्ठभाग आणि घामाचे बाष्पीभवन. यांतली दुसरी वाट आपल्या बोलण्यात जवळजवळ कधीच येत नाही. तापमान म्हटले की आपण हवेचे तापमान धरतो, पण प्रारणाची देवघेव हवेतून आरपार होते. छताचा खालचा पृष्ठभाग आपल्या कातडीपेक्षा नऊ-दहा अंशांनी गरम असेल, तर त्याच्या समोर असलेल्या दर चौरस मीटरला पन्नास-साठ वॅट उष्णता मिळते. शरीराने उष्णता टाकायची, तिथे ते घेऊ लागते. उताणे झोपलेल्या माणसाच्या शरीराचा मोठा भाग छताच्या थेट समोर असतो, म्हणून दिवसा फिरताना न जाणवलेले छत रात्री जाणवते. खोलीत जाणवणारे तापमान हे, वारा नसताना, हवेचे तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी तापमान यांच्या साधारण मध्यावर असते. पृष्ठभागांची सरासरी ३४ अंश असेल, तर २७ अंशांचा अनुभव येण्यासाठी हवा २० अंशांवर न्यावी लागते. तीच सरासरी २८ असेल, तर हवा २६ वर असली तरी पुरते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ सेटिंग २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक केले. चांगला निर्णय आहे. पण तापलेल्या छताखालचा माणूस ते खाली ओढणार, आणि त्याला उधळ्या म्हणणे अन्यायाचे होईल. तो हवेच्या थंडाव्याने छताची भरपाई करतो आहे.

छतच का, भिंती का नाहीत, याचे उत्तर आकाशात आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण पावणेसोळा ते बावीस अक्षांशांच्या पट्ट्यात पसरला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो: पुण्यात मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि पुन्हा पावसाळ्यात. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून तो हल्ली पाहिला जातो. बांधकामाच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ असा, की ज्या महिन्यात ऊन सर्वांत कडक त्याच महिन्यात ते भिंतींना जवळजवळ समांतर आणि छताला लंब पडते. दक्षिणेची भिंत, जिच्यावर थंड देशांतले सगळे गृहशास्त्र उभे आहे, ती आपल्याकडे मेच्या दुपारी छोट्याशा छज्ज्याच्या सावलीत असते. छताच्या एका चौरस मीटरवर मात्र त्या दिवसांत दिवसाला साडेसहा ते सात युनिट इतकी ऊर्जा पडते. दहा चौरस मीटरची, म्हणजे साधारण शंभर चौरस फुटांची एक खोली धरा. तिच्या छतावर एका दिवसात पासष्ट-सत्तर युनिट येतात. महावितरणच्या घरगुती दरपत्रकातला पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटांचा आहे. एका खोलीच्या छतावर दोन दिवसांत त्याहून अधिक ऊर्जा कोसळते. तिच्यातली किती आत घ्यायची आणि किती परतवायची, हा घर बांधणाऱ्याच्या हातातला निर्णय आहे.

आता थोडे आकडे. पाच इंची आरसीसी स्लॅब, खालून गिलावा. अशा स्लॅबमधून आत-बाहेरच्या दर एक अंश फरकामागे, दर चौरस मीटरला, तीन ते चार वॅट उष्णता जाते. याला यू-मूल्य म्हणतात. ते जितके कमी तितका अडथळा जास्त. बाहेर हवा ३८ अंश असली तरी स्लॅबला तेवढीच उष्णता सोसावी लागते असे नाही. काळवंडलेले सिमेंट पडलेल्या उन्हापैकी सत्तर टक्के शोषते, आणि हिशेब केला तर त्या स्लॅबच्या दृष्टीने बाहेरचे परिणामी तापमान पासष्ट अंशांच्या पुढे जाते. आत तीस अंश धरले, तर माथ्यावरच्या उन्हात दर चौरस मीटरमागे सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता आत ढकलली जाते. दहा चौरस मीटरच्या खोलीत सव्वा किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता उपसतो. म्हणजे त्याच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा फक्त स्लॅबशी झगडण्यात जाईल. आता त्याच स्लॅबला चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा थर द्या. शोषण पंचवीस टक्क्यांवर येते, परिणामी तापमान पासष्टवरून पंचेचाळीसच्या आसपास उतरते, आणि आत येणारी उष्णता निम्म्याहून कमी होते. याउलट रंग तसाच ठेवून वर पन्नास मिलिमीटर जाडीचे चांगले उष्णतारोधक द्या, तर सव्वाशेचे वीसच्या आसपास राहतात. दोन्ही केले तर दहाच्याही खाली येतात. हे स्थिर परिस्थितीचे हिशेब आहेत. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवतो, त्यामुळे शिखर थोडे बुटके होते आणि पुढे सरकते. पण पर्यायांमधले प्रमाण साधारण हेच राहते. एवढे मोठे अंतर पाडणारा आणि इतका स्वस्त दुसरा उपाय गृहबांधणीत मला दिसत नाही.

शिखर पुढे सरकते असे म्हटले, त्यातच रात्री आठच्या उकाड्याचे कोडे सुटते. जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेच्या वहनाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. बाहेरच्या चढउताराची लाट जाड पदार्थात शिरताना उशिरा पोहोचते आणि वाटेत क्षीण होते, हे त्या गणितातून काटेकोर काढता येते. पाच इंची काँक्रीटमध्ये हा उशीर तीन-सव्वातीन तासांचा असतो. वर चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा घातला, जो आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी सर्रास घालतात, तर उशीर सहा तासांच्या आसपास जातो. दुपारी दीड-दोनचा ताप संध्याकाळी सात-आठला छताच्या खालच्या अंगाला येतो. नेमका सगळे कुटुंब घरी परतते तेव्हा. आता याच फुटपट्टीने आपल्या जुन्या घरांकडे पाहू. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या कोरड्या भागांत माळवदाची किंवा धाब्याची घरे होती: लाकडी तुळया, किलच्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दीड फूट मातीतून लाट जायला बारा ते पंधरा तास लागतात आणि पोहोचेपर्यंत तिच्यात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून माजघर दिवसभर गार. कोकणात बरोबर उलटा मार्ग: पातळ मंगळुरी कौल, साठवण जवळजवळ शून्य, फटींतून वाहणारी हवा, आणि सूर्य कलला की तासाभरात थंड होणारे छप्पर. दोन्ही रचना बरोबर, कारण हवामाने वेगळी. नागपूर-सोलापूरकडे मे महिन्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात चौदा-पंधरा अंशांचा फरक असतो, त्यामुळे साठवलेली उष्णता रात्री सोडून देता येते. मुंबई-रत्नागिरीकडे तो फरक निम्मा असतो. तिथे साठवण हे ओझे ठरते. उघडा आरसीसी स्लॅब या दोहोंच्या मधोमध अडकला आहे. लाट विझवायला तो पातळ आहे, आणि लवकर निवायला जाड. राज्यभर, कोकणापासून गोंदियापर्यंत, आपण हीच एक रचना स्वीकारली. पाऊस, वाळवी, आग आणि वरचा मजला चढवण्याची सोय या कारणांनी ती स्वीकारली गेली, आणि ती कारणे खरी आहेत. उष्णतेचा विचार त्यात राहून गेला, तो आता जोडायचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कमी ऊर्जेचे घर ही थंड श्रीमंत देशांतली कल्पना आहे. इतिहास पाहता त्यात तथ्य आहे. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस बांधले गेले, आणि जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये पहिले पॅसिव्ह हाउस उभे राहिले. जाड उष्णतारोधक, फटी बंद, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र, एवढ्या सामग्रीवर दर चौरस मीटरमागे वर्षाला पंधरा युनिट उष्णतेत घर उबदार राहू शकते, हे त्या परंपरेने सिद्ध केले. ते घर जसेच्या तसे चंद्रपुरात आणून ठेवणे निरर्थक आहे. तिथे आतली उष्णता बाहेर जाऊ द्यायची नसते, इथे बाहेरची आत येऊ द्यायची नसते. तिथे खिडकीतून येणारे ऊन ही मिळकत आहे, इथे तो बोजा. पण त्या वास्तुतज्ज्ञांनी पाळलेला क्रम आपल्यालाही लागू आहे: आधी घराचा भार कमी करा, मग उरलेल्या भाराला पुरेल तेवढेच यंत्र घ्या. आपण नेमके उलटे करतो. भार तसाच ठेवतो आणि यंत्राची कार्यक्षमता वाढवत जातो.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध बाजूने येतो आणि तो आपल्या मनाला जास्त भिडतो. पूर्वजांना सगळे ठाऊक होते, वाडा आणि माती सोडून आपण चुकलो, परत तिकडे चला, असे सांगितले जाते. वाड्याचा चौक, ओसरी, पश्चिमेची पडवी, माळवदातले सवणे म्हणजे झरोके, यांच्यामागचे शहाणपण मी नाकारत नाही. तरी परत जाण्याचा सल्ला मला मान्य नाही. दीड फुटाच्या भिंती परवडतील एवढी जमीन शहरात नाही. मातीचे छत दरवर्षी निगा मागते, आणि लातूर-उस्मानाबादच्या १९९३ च्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड छतांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर त्या भागातल्या माणसाने स्लॅबचे घर मागितले, तर त्याला थंडाव्याचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्याला जुन्या घरातले तत्त्व हवे आहे, आणि ते काँक्रीटमध्येही उतरवता येते. पाँडिचेरीतले गोलकोंडे हे अरविंद आश्रमाचे निवासगृह बघा. आंतोनिन रेमंड यांनी आखलेल्या या इमारतीचे काम १९३७ मध्ये सुरू झाले. भारतातल्या सुरुवातीच्या आरसीसी इमारतींत तिची गणना होते. समुद्रकाठची दमट हवा, आणि एसीचा विचारही नाही. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्या, त्या पूर्णपणे फिरत्या झडपांच्या केल्या, आणि स्लॅबच्या वर काँक्रीटच्या वक्र फरशांचे दुसरे छप्पर घातले. ऊन वरच्या छपरावर पडते, मधल्या पोकळीतून हवा वाहते, आणि खालचा स्लॅब सावलीत राहतो. केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट नुसते वजन असते, तिथे मंगळुरी कौले घालून फिलर स्लॅब केले. काँक्रीट वाचले आणि हवेच्या पोकळ्यांनी उष्णताही थोडी अडली. दोघांनीही नवे साहित्य नाकारले नाही.

उष्णतारोधक कुठे घालायचे याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे पैसा वाया जाताना दिसतो. पुष्कळ ठिकाणी स्लॅबच्या खाली पीओपीचे किंवा जिप्समचे छत केले जाते. त्याने थोडा आडोसा मिळतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि शिवाय पाच इंच काँक्रीटची साठवणक्षमता खोलीपासून तुटते. रोधक स्लॅबच्या वर असेल तर तोच स्लॅब खोलीच्या बाजूने राहतो: पहाटे खिडक्या उघडून त्याला निववता येते आणि दुपारपर्यंत तो आतली उष्णता शोषत राहतो. मात्र एक खरी अडचण सांगितली पाहिजे. निरभ्र रात्री उघडे छत आकाशाकडे प्रारणाने दर चौरस मीटरमागे पन्नासएक वॅट उष्णता टाकत असते. जाड रोधक घातले की ऊन थांबते, तशी ही सुटकाही थांबते. खिडक्या नसलेल्या कोंदट खोलीत, जिथे स्वयंपाकाची आणि माणसांची उष्णता साचते, तिथे नुसते जाड रोधक घालून रात्री घुसमट वाढू शकते. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी छत पांढरे करा, कारण पांढरे छत दिवसा ऊन परतवते आणि रात्री नेहमीइतकीच उष्णता सोडते. फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे चायना मोझॅक हेच काम टिकाऊपणे करते. मग बेताचे रोधक आणि त्यासोबत हवेला जायला वाट. धूळ आणि शेवाळ बसून पांढरेपण उतरते, पावसाळ्यानंतर छत धुवावे किंवा पुन्हा सफेदी द्यावी लागते, हेही खरे आहे. तेवढी निगा कोणत्याही एसीला लागते.

ज्यांच्या डोक्यावर आपले छतच नाही, मधल्या मजल्यावरच्या लाखो सदनिका, त्यांचे काय? त्यांच्यासाठी छताची जागा पश्चिमेची खिडकी घेते. मेच्या मध्याला पुण्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सव्वीस-सत्तावीस अंशांवर असतो. चार फूट उंच खिडकी त्या उन्हापासून छज्ज्याने झाकायची तर छज्जा आठ फूट पुढे काढावा लागेल. तो कोणी काढत नाही, दीड फुटाचा काढतात, आणि नकाशावर सावलीची सोय केली अशी नोंद होते. पश्चिमेला आडवा छज्जा निरुपयोगी आहे. तिथे उभी आड, जाळी, बाहेरून पडणारी चटई, झाड किंवा खोल गॅलरी हवी. पडदा आत असून भागत नाही, कारण काचेतून आलेले ऊन पडद्याला तापवते आणि ती उष्णता, काच आरपार जाऊ देत नसल्याने, खोलीतच राहते. दीड चौरस मीटरची साधी काच दुपारच्या उतरत्या उन्हात सातशे-आठशे वॅट आत घेते; आठ माणसे खोलीत बसवल्यासारखे. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी कांचनजंगा ही उंच इमारत (१९८३) आखताना हीच पेचाची जागा सोडवली. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, कडक ऊन आणि पावसाचा मारा पण पश्चिमेलाच. त्यांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्यामागे घेतल्या. तत्त्व पडवीचेच. ती इमारत धनवानांसाठी होती, पण सूर्याचा कोन उत्पन्न पाहून बदलत नाही, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत चार फुटांची गॅलरी व समोरासमोर दोन खिडक्या देणे हा आराखड्याचा प्रश्न आहे, चैनीचा नाही. तिथे खरी उणीव दोन इमारतींमधल्या अंतराची आहे. खिडकी कितीही मोठी दिली आणि समोर हाताच्या अंतरावर भिंत उभी असली, तर वाऱ्याला शिरायला जागाच नाही.

भार इतका कमी केल्यावर यंत्रांकडे वळू. पंखा खोली थंड करत नाही, माणूस थंड करतो. सेकंदाला मीटरभर वेगाची हवा अंगावरून गेली तर जाणवणारे तापमान तीनेक अंशांनी उतरते. हे साधायला जुन्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट लागत, बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरच्या, पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी लागतात. त्यामुळे पंखा रिकाम्या खोलीत फिरता ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि माणूस असेल तिथे तो पहिला उपाय आहे. कूलरचे गणित पूर्णपणे आर्द्रतेवर उभे आहे. एक लिटर पाणी वाळताना युनिटच्या दोनतृतीयांश इतकी उष्णता घेऊन जाते. विदर्भात ४३ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जिथवर उतरू शकते ती मर्यादा, तेवीसच्या खाली असते, म्हणून चांगला कूलर सत्तावीस अंशांची हवा देऊ शकतो. मुंबईत ३४ अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेत तीच मर्यादा साडेअठ्ठावीसवर अडते, आणि मिळते ती चिकट हवा. किनारपट्टीवर मे आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस असे येतात की सावली, वारा, पांढरे छत सगळे करूनही झोप लागत नाही, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला धोका असतो. त्या दिवसांसाठी एसी हवा, हे मी निःसंकोच म्हणतो. प्रश्न तो वर्षात किती रात्री लागतो आणि किती मोठा लागतो एवढाच आहे. भारतीय माणसांवरच आधारलेल्या पाहणीतून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने सुखद तापमानाचे जे सूत्र काढले, ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आले आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत, बाहेरची महिन्याची सरासरी तीस अंश असताना, माणसांना २९ अंशांच्या आसपास बरे वाटते असे ते सूत्र सांगते. पाहणी कार्यालयांतली होती, पण घरात तर माणूस कपडे सैल करू शकतो, जागा बदलू शकतो. चोवीस अंश ही आपल्या शरीराची गरज आहे हा समज यानंतर टिकत नाही.

सर्वांत नवा आणि सर्वांत जोरकस आक्षेप सौर विजेचा. सूर्य फुकट वीज देत असेल, २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना छतावर पॅनेल बसवायला अनुदान देत असेल, तर मग घर तापले काय आणि एसी चालला काय? पॅनेल बसवावेत, यात वाद नाही. ते छताला सावलीही देतात. पण वेळ जुळत नाही. पॅनेलची वीज दुपारी बाराला सर्वाधिक असते आणि स्लॅबचा ताप रात्री आठला. त्या वेळी एसी जी वीज खातो ती मुख्यतः कोळशाची असते. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याचा अंदाज आहे की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची मागणी आठ पटीपर्यंत जाईल. ही वाढ बरीचशी रात्रीच्या खोल्यांतली असणार. बॅटरीत वीज साठवता येते, पण उष्णता आतच येऊ न देणे हे ती येऊ देऊन मग बॅटरीच्या विजेने उपसण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते. शिवाय वीस मजली इमारतीच्या छताचा एका सदनिकेच्या वाट्याला येणारा तुकडा इतका लहान असतो, की त्यावरच्या पॅनेलने जिन्याचे दिवे आणि पंप चालले तरी पुष्कळ. आणि एसी खोलीतली जी उष्णता उपसतो, ती स्वतःच्या विजेसह गल्लीत सोडतो. ज्याच्याकडे एसी नाही, त्याच्या खिडकीबाहेर.

उरला खर्चाचा प्रश्न. सफेदीचा खर्च बांधकामाच्या खर्चात दिसतही नाही. रोधकाचा दिसतो, पण वरच्या मजल्याच्या एका खोलीत एक टनाऐवजी पाऊण टनाचा एसी पुरला आणि तो कमी रात्री चालला, तर तो काही उन्हाळ्यांत फिटतो. तरीही बांधणारे तो करत नाहीत, आणि यामागे अज्ञानापेक्षा एक साधे आर्थिक कारण आहे. स्लॅब बिल्डर टाकतो, वीजबिल राहणारा भरतो. राहणारा भाडेकरू असेल, तर घरमालकालाही त्या बिलाशी कर्तव्य नसते. घर घेताना फरशी, नळ, दरवाजे डोळ्यांना दिसतात. छताचे यू-मूल्य दिसत नाही, कोणी विचारत नाही आणि जाहिरातीत छापत नाही. दिसत नसलेल्या गुणाला बाजार भाव देत नाही, म्हणून इथे नियमाची गरज आहे. नियम तयारही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेने निवासी इमारतीच्या छताचे यू-मूल्य १.२ च्या वर नसावे असे सांगितले आहे. उघड्या स्लॅबच्या तिप्पट चांगले; आणि वर केलेल्या हिशेबाप्रमाणे पंचवीस मिलिमीटरचे चांगले रोधकही त्याला पुरते. भिंती व खिडक्यांमधून येणाऱ्या उष्णतेवर थंड प्रदेश सोडून सर्वत्र दर चौरस मीटरला पंधरा वॅटची मर्यादा आहे, आणि उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान क्षेत्रही हवामानाप्रमाणे ठरवून दिलेले आहे. दमट प्रदेशात जमिनीच्या क्षेत्राच्या एकषष्ठांश. पण राज्याने आणि स्थानिक संस्थेने आपल्या नियमावलीत घेतल्याखेरीज ही संहिता कोणाला बंधनकारक नसते. तेलंगणाने २०२३ मध्ये छतांसाठी वेगळे धोरणच केले. महाराष्ट्रात बांधकाम परवानगी देताना इमारतीच्या मजबुतीची हमी मागितली जाते, कारण ती चुकली तर घर पडते. तशीच परवानगीच्या अर्जात छताचे थर, त्यांची जाडी आणि वरच्या पृष्ठभागाचा रंग मागावा, आणि घरकुल योजनेतून सरकारी पैशाने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घरापासून त्याची सुरुवात करावी. कारण त्या घरातल्या कुटुंबाला वर्षानुवर्षे त्याच छताखाली झोपायचे आहे आणि एसी घेऊन त्याची भरपाई करणे त्याला परवडणारे नाही.